बँकॉकच्या ताई आणि माझी स्कुटी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमच्या मोठ्या नणंदबाईंना बर्डीवर खरेदीला जायचं होतं. मी स्कुटी काढली, दुपट्टा तोंडाभोवती नि कानाभोवती घट्ट गुंडाळला, गॉगल चढवला आणि म्हटलं, ‘बसा ताई.’

ताई काही बसेनात. म्हणाल्या, ‘हेल्मेट कुठाय?’

‘अहो, बर्डी तर इथंच आहे. आणि दुपट्टा बांधलाय ना चांगला!’

‘दुपट्ट्यानं ऊन अडेल, धूळ अडेल. सिमेंटचा रस्ता अडेल का?’

आता काय बोलणार? शेवटी ऑटो केला. ऑटोवाल्यानं तोंडाला येईल तेवढे पैसे सांगितले, तेही दिले. रस्ताभर मी फुगून बसले होते. मैत्रिणींनो, खरं सांगते, परदेशातून आलेल्या पाहुण्यांचा हा उपदेश मला फार लागतो. चार दिवस यायचं, आपल्या गल्लीला, आपल्या नळाला, आपल्या ट्रॅफिकला नावं ठेवायची आणि संत्रा बर्फीचे डबे घेऊन परत जायचं!

पण ताईंचं तसं नाही. त्यांचे यजमान नोकरीसाठी बँकॉकला गेले, त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ताई तिकडेच. आणि आमच्या बैठकीत भिंतीवर हार घातलेले दोन फोटो आहेत, ते दोन्ही त्यांच्या माहेरचेच. एक माझ्या सासऱ्यांचा, दुसरा माझ्या धाकट्या दिरांचा. भाऊजी २००९ साली गेले, वर्धा रोडवर, मोटारसायकलवरून पडून. वय सव्वीस. हेल्मेट घरी कपाटावर होतं. मामंजी गेले ते एप्रिल २०२१ मध्ये, करोनात.

त्या एप्रिलबद्दल नागपूरकरणीला वेगळं काय सांगावं! मेयो आणि मेडिकल भरलेले, खासगीत खाट मिळेना, ऑक्सिजनसाठी धावाधाव. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर घेऊन रेल्वे नागपुरात आली, तेव्हा लोकांनी टीव्हीसमोर हात जोडले होते. मामंजी त्याच्या आदल्या आठवड्यात गेले. ताईंना येता आलं नाही. विमानंच नव्हती. मोबाइलवर त्यांनी वडिलांना शेवटचं पाहिलं, तेही धड नाही, नेटवर्क जात होतं.

तर ऑटोत मी त्यांना जरा टोचूनच विचारलं, ‘तुमच्या बँकॉकमध्ये सगळे हेल्मेट घालतात वाटतं?’

ताई हसल्याच. ‘कुठले! अगं, रस्त्याच्या बाबतीत ते लोक आपले सख्खे भाऊ.’

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला नवं होतं. आपल्याला थायलंड म्हणजे समुद्र, मसाज आणि स्वस्तातली सहल. पण रस्त्यावर माणसं मरण्यात त्या देशाचं नाव जगात फार वर लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०१६ मध्ये तिथे लाख लोकांमागे ३२ हून जास्त माणसं रस्त्यावर गेली. २०२१ पर्यंत हा आकडा २५ वर आला, पण तोही काही कमी नाही. मरणाऱ्यांत बहुतेक दुचाकीवाले. आपल्यासारखंच तिकडे घरटी एक गाडी. त्या गाडीवर नवरा, बायको, दोन मुलं आणि पुढे भाजीची पिशवी. हेल्मेटचा कायदा नव्वदच्या दशकातला. पण त्याच संघटनेच्या अहवालात चालवणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, आणि मागे बसणाऱ्यांत पाचात एकाच्या. मागे कोण बसतं, ते काय सांगायला हवं? बायका आणि पोरं. तिकडे भाड्याच्या मोटारसायकली असतात, चालवणारा केशरी जाकीट घालतो. ऑफिसला जाणाऱ्या मुली स्कर्ट सांभाळत त्याच्यामागे एकाच बाजूला पाय सोडून बसतात. आपल्या साडीतल्या बैठकीसारख्याच!

एप्रिलमध्ये त्यांचं नवीन वर्ष येतं, सोंगक्रान. आपल्या धुळवडीसारखं पाणी उडवायचं आणि सगळ्यांनी गावाकडे जायचं. त्या सुट्टीतल्या सात दिवसांना तिकडे ‘सात धोक्याचे दिवस’ म्हणतात. सरकार रोज आकडा जाहीर करतं, आज इतके अपघात, इतके मृत्यू. आठवडाभरात दोनशे-अडीचशेच्या वरच जातो, कधी तीनशेच्याही पुढे. कारणं तीच, दारू आणि वेग. आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच.

जानेवारी २०२२ मध्ये तर बँकॉकमध्ये एक तरुण डोळ्यांची डॉक्टर भर दिवसा, रीतसर झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडत होती. एका भरधाव मोठ्या मोटारसायकलनं तिला उडवलं. चालवणारा होता पोलीस शिपाई! सगळा देश हळहळला, चिडला. क्रॉसिंगचे पट्टे ठिकठिकाणी नव्यानं रंगवले गेले. ताई म्हणाल्या, ‘तेव्हापासून मी झेब्रा क्रॉसिंगवरही दोन्हीकडे बघते. पट्टे रंगवल्यानं काय, थांबायला गाडीवाला लागतो ना!’

बर्डीवर पोचेपर्यंत माझा राग थोडा उतरला होता. पण गंमत पुढेच आहे.

हाच देश करोनात मात्र शहाण्यासारखा वागला, निदान पहिल्या वर्षी तरी. चीनबाहेरचा पहिला रुग्ण सापडला तो थायलंडमध्येच, १३ जानेवारी २०२०ला. आपल्या नागपुरात पहिला रुग्ण निघाला ११ मार्चला, म्हणजे दोन महिन्यांनी. ताई सांगत होत्या, तिकडे कुणाला ‘मास्क लावा’ म्हणावंच लागलं नाही. हिवाळ्यात बँकॉकची हवा इतकी खराब असते, की लोक आधीपासूनच मास्क लावत होते. मार्चअखेर आणीबाणी, एप्रिलमध्ये रात्रीची संचारबंदी, सोंगक्रानची सुट्टी पुढे ढकलली, लोकांनी ऐकलं. मेमध्ये रस्त्यांच्या कडेला लाकडी कपाटं उभी राहिली. ज्याच्याकडे आहे त्यानं तांदूळ, अंडी, नूडल्सची पाकिटं ठेवावी, ज्याला हवं त्यानं न विचारता न्यावं. ताईंनीही आपल्या गल्लीतल्या कपाटात महिनाभर डाळ ठेवली. (डाळीचं काय करायचं, हे न कळून ती तशीच पडून राहिली, मग ताईंनी तांदूळ ठेवायला सुरुवात केली!) त्या वर्षात सगळ्या देशात करोनानं साठ-पासष्ट माणसं गेली. आणि त्याच वर्षी रस्त्यावर? सतरा हजारांच्या वर!

मला आधी वाटलं, ताईंनी शून्य चुकीचे सांगितले. पण नाही, खरंच तेवढे.

इथं मात्र मी थोडी भांडले. म्हटलं, ‘ताई, तुम्ही बाराव्या मजल्यावरून बघता. आमच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. सतरंजीपुऱ्यातून शेकडो लोकांना उचलून विलगीकरणात नेलं होतं, त्यांच्या घरात अंतर ठेवायला जागा होती कुठं?’ ताईंनीही ते मानलं. त्यांच्याकडेही डिसेंबर २०२०मध्ये बँकॉकजवळच्या कोळंबीच्या बाजारातून साथ पुन्हा उसळली. ती तिथल्या म्यानमारहून आलेल्या मजुरांच्या दाटीवाटीच्या खोल्यांत पसरली. आणि २०२१च्या पावसाळ्यात बँकॉकमध्येही खाटा संपल्या, माणसं घरातच गेली. लस उशिरा आली, कमी आली. वर्षअखेर मृतांचा आकडा एकवीस हजारांच्या वर गेला होता. तेव्हा ‘तिकडचे लोक शहाणे, आपले अडाणी’ असं काही नाही. ज्या लाटेला आपण तोंड दिलं, तिच्यापुढे तेही टेकलेच.

पण एक गोष्ट ताईंनी सांगितली, ती मी मनात ठेवली आहे. तिकडे खेड्याखेड्यांत आरोग्य स्वयंसेवक आहेत, १९७७ पासून. दहा लाखांच्या वर. बहुतेक बायकाच. एकीकडे दहा-पंधरा घरं. करोनात शहरातून गावी परतलेल्या प्रत्येकाच्या दारात त्या ताप मोजायला जायच्या, चौदा दिवस घरात बसवायच्या. ऐकताना मला आपल्या आशाताईच डोळ्यांसमोर आल्या. आपल्याकडेही देशभरात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत, पण एकीच्या वाट्याला हजार माणसं! माझी मावसबहीण भिवापूरकडे आशा आहे. तिनं पहिल्या लाटेत ओढणीचा मास्क करून घरोघर सर्वेक्षण केलं, लोकांनी दारं लावून घेतली, ‘तूच करोना घेऊन आली’ म्हणाले. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा जाहीर सन्मान केला. बहिणीनं ती बातमी कापून ठेवली आहे. मानधन वेळेवर आलं असतं तर जास्त आवडलं असतं, असंही म्हणाली.

तर त्या थायी स्वयंसेविका नुसता ताप मोजत नाहीत. सोंगक्रानच्या सात दिवसांत गावाच्या वेशीवर तंबू टाकतात. सरपंच आणि गावातली चार माणसंही सोबत असतात. गावातला कुणी पिऊन गाडी काढून मोठ्या रस्त्याला निघाला, की त्याला तिथेच अडवायचं. दंड नाही, पावती नाही. चावी काढून घ्यायची, पाणी पाजायचं, घरच्यांना बोलवायचं. ताई म्हणाल्या, ‘पोलिसाला तो चकवेल गं. पण जिनं त्याच्या पोराला डोस पाजला, जी त्याच्या आईला ओळखते, तिला कसा चकवेल?’

हे मला एकदम पटलं. विदर्भातल्या बायकांना हे कुणी शिकवायला नको. वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर... दारूबंदीसाठी आपल्या बायकाच रस्त्यावर उतरल्या होत्या. चंद्रपूरची बंदी २०१५ला आली आणि २०२१ला उठली, तो वाद वेगळा. पण पिऊन गाडीवर बसणाऱ्याच्या हातातली चावी काढून घ्यायला सरकारी आदेश थोडाच लागतो?

रात्री जेवताना सासूबाईंसमोर हा विषय निघाला. आमच्याकडे एक नियम आहे, बोलून न दाखवलेला. मामंजींबद्दल सगळे बोलतात. कोणत्या दिवशी ताप आला, कुणी काय केलं, काय चुकलं. भाऊजींबद्दल कुणी बोलत नाही. फार तर सासूबाई म्हणतात, ‘त्याचं तेवढंच होतं नशिबात.’

ताई हळूच म्हणाल्या, ‘आई, बाबा करोनानं गेले, असं आपण म्हणतो. मग तो नशिबानं कसा गेला? तो डोकं आपटून गेला.’

सगळे गप्प. माझी मुलगी ताटाकडे बघत राहिली. सासूबाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या, ‘लोकं उभे होते म्हणे भोवताल. अर्धा तास उभे होते. कोणी उचललं नाही माय. पोलिसाच्या भेवानं.’

सोळा वर्षांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या.

तेव्हा खरंच लोक भ्यायचे. आता तसं नाही. आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे, मला तर त्या रात्री मुलीनं सांगितलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ला दुरुस्ती झाली. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्यावर त्यामुळे कसलीही जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीला जायची सक्ती नाही. उलट वेळेत नेऊन जीव वाचवला तर केंद्र सरकारचं बक्षीस आहे, २०२५ पासून पंचवीस हजार. जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळावेत, अशीही योजना त्याच वर्षी आली आहे. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं गेली. त्यांत जवळपास निम्मी दुचाकीवरची.

आता माझीच गोष्ट कबूल करते. करोनात मी भाजी मिठाच्या पाण्यात धुवायचे, दुधाची पिशवी साबणानं पुसायचे, पेपर दोन दिवस गच्चीत ठेवायचे. आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या मागे बिनहेल्मेटची बसून रिंग रोडनं दिघोरीपर्यंत जायचे. दोघांच्या तोंडाला मास्क, डोकं उघडं! भाचा तीन वर्षांचा होता, त्याला पुढे उभा करून, ‘पकड रे हँडल’ म्हणायचो. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागे बसणाऱ्यालाही. त्याहून लहान मुलांना हेल्मेट आणि मोठ्यांच्या अंगाला बांधायचा पट्टा लागतो, आणि गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. हा नियम २०२३ पासून आहे. त्याबद्दल चौकात ना कुणी अडवत, ना कुणी विचारत.

२०१६ मध्ये तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असं जाहीर केलं होतं, आठवतं? पंपावर एकच हेल्मेट दहाजण फिरवायचे! काही दिवसांत ते बारगळलं. तेव्हा आम्हीही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी हेल्मेट घ्यायला गेलो. बायकांच्या अडचणी दुकानदाराला कुठल्या कळायला! अंबाडा आत मावत नाही, क्लिप टोचते. दुपट्टा बांधून वर हेल्मेट घातलं तर सैल बसतं का घट्ट, कळत नाही. शेवटी असं जमलं : वेणी सैल आणि खाली मानेवर, डोक्यावर पातळ सुती रुमाल, त्यावर हेल्मेट. आयएसआयची खूण बघून घेतलं. हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर मध्ये दोन बोटं जावीत, जास्त नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी उडून जातं. नीट बसलेल्या हेल्मेटनं डोक्याच्या दुखापतीचा धोका सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी होतो, असं अभ्यास सांगतात. दुपट्टा मात्र अंगावर मोकळा सोडायचा नाही, चाकात जातो. जानेवारीत गळ्याशी गुंडाळायचा. संक्रांतीच्या आगेमागे नागपुरात नायलॉन मांजा काय करतो, ते आपण दरवर्षी वाचतो.

उन्हाळ्यात काय होईल? पंचेचाळीस अंशांत हे डोक्यावर टिकेल का? खरं सांगू, मला माहीत नाही. मेमध्ये कळेल.

ताई परवा परत गेल्या. निघताना भाऊजींच्या फोटोवरचा हार बदलला, मग मामंजींच्या. सासूबाईंनी बर्फीचे डबे दिले. विमानतळावरून मी आणि मुलगी स्कुटीवर परत आलो, दोघींची डोकी झाकलेली. फाटकाशी सासूबाई उभ्या होत्या. मुलीच्या हातातलं हेल्मेट त्यांनी घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आतली गादी बोटानं दाबली.

‘मी सोमवारी तुझ्यामागं बसून मंदिरात जाते नं,’ मला म्हणाल्या. ‘माझ्या मापाचं भेटते का पाहून ये.’