उसनी कुमक : करोनाविरुद्ध प्रतिपिंडें व प्राण्यांवरील परीक्षा



कबनूरच्या शिवारांत उसाचा पाला काढतांना एखाद्यास नाग चावला, तर त्यास दवाखान्यांत नेऊन प्रतिविष टोंचतात, हें लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. घोड्यास सर्पविष थोडें थोडें वाढवीत टोंचलें म्हणजे त्याच्या रक्तांत विषास जखडणारीं द्रव्यें उत्पन्न होतात; तींच शुद्ध करून रोग्यास देतात. या द्रव्यांस प्रतिपिंडें म्हणतात. लस शरीरास स्वतः लढावयास शिकविते, पण त्यास अवधि लागतो. तयार प्रतिपिंडें म्हणजे आयत्या वेळीं आलेली उसनी कुमक होय.

ही गोष्ट प्रथम प्राण्यांवरच सिद्ध झाली. १८९० सालीं बर्लिन येथें बेहरिंग व किटासाटो यांनीं धनुर्वातास न जुमानणाऱ्या सशाचें रक्त उंदरांस टोंचलें, तेव्हां ते त्या रोगापासून बचावले.

करोनाच्या सांथींत मात्र साधा उंदीर निरुपयोगी ठरला. मूळ विषाणु पेशीवरील ज्या खुंटीस धरून आंत शिरतो, ती उंदराच्या ठिकाणीं निराळी असल्यामुळें त्यास नीट लागण होत नसे. सीरियन हॅमस्टर हा उंदरासारखाच लहान प्राणी. परंतु त्याच्या नाकांत विषाणु सोडले कीं त्याचें वजन घटतें व फुप्फुसें सुजतात. पुढें सुमारें दोन आठवड्यांत तो आपोआप बरा होतो. म्हणून केवळ तो बरा झाला एवढ्यावरून औषधाचा गुण ठरत नाहीं. औषध न दिलेल्या हॅमस्टरांशीं त्याची तुलना करावी लागते.

अशीच परीक्षा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत झाली. झायडस कॅडिला या कंपनीनें दोन प्रतिपिंडांचें मिश्रण सिद्ध केलें होतें. दोन्हीं विषाणूच्या काट्यास निरनिराळ्या जागीं धरीत, म्हणजे एका जागेचें रूप पालटलें तरी दुसरी पकड राहावी. मिश्रण कांहीं हॅमस्टरांस लागणीपूर्वीं व कांहींस लागणीनंतर दिलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें दोन्ही प्रकारें संरक्षण मिळालें. परंतु रोग बळावण्यापूर्वींच हा उपाय योग्य, असें संशोधकांनीं स्पष्ट केलें.

या मर्यादेंत मोठा अर्थ आहे. प्रतिपिंड विषाणूस पेशींत शिरूं देत नाहीं. पण एकदां इजा झालेलें फुप्फुस तें दुरुस्त करीत नाहीं. २०२० सालीं भारतांतील ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर, बऱ्या झालेल्या माणसांच्या रक्तद्रवाची परीक्षा झाली. त्या द्रवांतही प्रतिपिंडें होतीं; तरी त्यानें रोगाचें बळावणें वा मृत्यु कमी झाले नाहींत. शिवाय २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन हा प्रकार आला आणि पूर्वीं गुणकारी ठरलेलीं कित्येक प्रतिपिंडें त्यापुढें निष्प्रभ झालीं.

तेव्हां प्राण्यावरील यशानें मनुष्यावरील परीक्षेचें दार उघडतें, इतकेंच. आणि सर्पदंश असो वा विषाणु, उसनी कुमक शत्रु वेशीपाशीं असतांना पोंचली, तरच गांव वांचतें.