नकलीपणाच्या नाना तऱ्हा

'खरे नव्हे' असे सांगणारे इंग्रजी शब्द पुष्कळ, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'आर्टिफिशियल' म्हणजे मानवनिर्मित. त्यात लबाडी असेलच असे नाही. प्रयोगशाळेतला 'सिंथेटिक' हिरा खाणीतल्या हिऱ्यासारखाच स्फटिकरूप कार्बन असतो. क्युबिक झिरकोनिया मात्र 'इमिटेशन': दिसायला हिरा, पण घटकद्रव्यच निराळे. तोच खडा हिरा म्हणून गळ्यात मारला, की तो 'फेक' ठरतो. फसवण्यासाठी हुबेहूब बनवलेल्या नोटा, नाणी किंवा ब्रँडेड माल म्हणजे 'काउंटरफिट'.

काही शब्दांना इतिहास चिकटलेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनचे घड्याळजी ख्रिस्तोफर पिंचबेक यांनी तांबे आणि जस्त यांचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू केला. पुढे त्यांचे आडनावच 'पिंचबेक' म्हणून खोट्या झळाळीला लागले. 'शॉडी' ही मुळात यॉर्कशायरमध्ये चिंध्या पिंजून केलेली लोकर. अमेरिकेच्या यादवी युद्धात या कापडाचे गणवेश सैनिकांच्या अंगावरच विरू लागले आणि शब्द बदनाम झाला. जर्मनमधून आलेल्या 'एर्झाट्झ'चा अर्थ नुसता 'पर्यायी'; महायुद्धांच्या टंचाईत चिकोरी, ओकची फळे भाजून केलेल्या कॉफीमुळे त्याला निकृष्टपणाची छटा आली.

मराठी वर्तमानपत्रांनी आपलासा केलेला 'बोगस' अमेरिकेतला. १८२७ च्या सुमारास ओहायोत खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला तो वापरला गेला. आज तो डॉक्टरांपासून मतदारांपर्यंत कुणालाही लागतो.