मैलाचा पगार, तासाचा कायदा

अमेरिकेतील मालवाहतुकीचा विषय निघाला, म्हणजे आपल्याकडे तिथले प्रशस्त रस्ते, गाड्यांचे अवाढव्य आकार आणि त्यांचा वेग यांचीच चर्चा अधिक होते. गाडी हाकणाऱ्या माणसाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आजचा विषय तो माणूस हा आहे. आणि त्यातही स्वतःच्या मालकीची एखादी गाडी चालविणारा नव्हे, तर हजारो मालमोटारी बाळगणाऱ्या बड्या कंपनीत नोकरीस असलेला ड्रायव्हर.

त्याच्या आयुष्याचे मर्म एका साध्या प्रश्नात सापडते. त्याला पगार कशाचा मिळतो? लांब पल्ल्याच्या बहुतेक बड्या कंपन्यांत तो महिन्याचा, दिवसाचा किंवा तासाचा नसून मैलाचा असतो. गाडी जितके मैल गेली तितके पैसे. सिन्नरची किंवा सोलापूरची विडी कामगार स्त्री हजार विड्यांमागे मजुरी घेते, तसाच हा प्रकार. पाने यायला उशीर झाला आणि ती बाई दोन तास ओट्यावर बसून राहिली, तर ते दोन तास तिचेच गेले. ड्रायव्हरचे असे किती तास जातात आणि त्यामुळे कोणाचे काय बिघडते, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम गाडी आणि धंदा समजून घेऊ. गाडी दोन तुकड्यांची. पुढे इंजिनाची ओढगाडी, मागे तिला जोडलेला ५३ फूट लांबीचा बंद डबा. मिळून चाके अठरा, आणि मालासकट वजनाची सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. ड्रायव्हरच्या बैठकीमागे एक छोटीशी खोली असते. तीत बिछाना, सामानाच्या फळ्या, एखादा लहान फ्रिज. आठवड्यामागून आठवडे त्याचे घर हेच. कंपन्यांचे म्हणाल, तर श्नायडर ही कंपनी १९३५ साली विस्कॉन्सिन राज्यातील एका गृहस्थाने घरची मोटार विकून घेतलेल्या मालमोटारीवर उभी राहिली. वर्नरचा आरंभही १९५६ साली एकाच गाडीने झाला. आज यांच्या गाड्या हजारांनी मोजाव्या लागतात. यांचा मुख्य धंदा पूर्ण गाडी भाड्याने देण्याचा. एका व्यापाऱ्याचा माल भरायचा, सांगितलेल्या गावी उतरवायचा, आणि मग तिथून जवळ जिथे दुसरा माल मिळेल तिकडे जायचे. एस. टी.च्या ड्रायव्हरला आपली गाडी संध्याकाळी कोणत्या डेपोत मुक्कामाला आहे हे सकाळी ठाऊक असते. इथे तसे नाही. सोमवारी टेक्सासमध्ये असलेला माणूस शुक्रवारी ओहायोत असेल की जॉर्जियात, हे सोमवारी कोणालाच सांगता येत नाही. घरी जाण्याचा हिशेबही ठरलेला असतो: साधारणपणे एक आठवडा बाहेर काढला की एक दिवस घरी. तीन आठवडे बाहेर, तीन दिवस घरी. त्या तीन दिवसांत मुलाच्या शाळेतला कार्यक्रम आला तर आला.

आता त्या मैलाच्या पगाराकडे वळू. त्यातही एक गंमत आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ड्रायव्हर प्रत्यक्षात जितके मैल जातो, तितक्यांचे पैसे त्याला मिळतीलच असे नाही. कित्येक कंपन्यांनी घरसामान हलविणाऱ्यांसाठी तयार झालेल्या जुन्या अंतर-कोष्टकावरून मैल मोजण्याची पद्धत ठेवली. त्यात अंतर गावापासून गावापर्यंत धरलेले असते. गावाबाहेरच्या गोदामाचा फेरा, पुलाच्या उंचीमुळे घ्यावा लागलेला वळसा, हे त्यात बसत नाहीत. कापडाच्या दुकानात गज आखूड असावा, तसे हे.

मैलाने पैसे देणाऱ्या कंपनीच्या जोडीला तासाने मोजणारे सरकार आहे. थकलेल्या माणसाने ३६ टन वजन हाकू नये, म्हणून १९३० नंतरच्या दशकापासूनच तिथे कामाच्या तासांवर निर्बंध आहेत. आजच्या नियमांप्रमाणे सलग दहा तास विश्रांती झाल्यावर ड्रायव्हरचा दिवस सुरू होतो. त्या क्षणापासून चौदा तासांच्या आत त्याला जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालविता येते. आठ तास चालविल्यावर अर्धा तास थांबलेच पाहिजे. रोज गाड्या चालविणाऱ्या कंपनीत आठ दिवसांत कामाचे सत्तर तास भरले, की पुन्हा तास शिल्लक होईपर्यंत गाडी हाकता येत नाही. सलग चौतीस तास सुट्टी घेतली म्हणजे खाते नव्याने उघडते. नियम चांगले आहेत. ते नसते तर काय झाले असते, याची कल्पना आपल्या महामार्गांवर रात्री प्रवास करणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही.

अडचण आहे ती या दोन मापांच्या सांध्यात. एक उदाहरण घेऊ. सकाळी सहाला ड्रायव्हरने दिवस सुरू केला, गाडी तपासली आणि सातला तो एका मोठ्या गोदामाच्या फाटकाशी पोहोचला. माल भरायला दोन तास लागले आणि नऊला तो निघाला, तर रात्री आठपर्यंत त्याच्याजवळ अकरा तास उरतात. अर्ध्या तासाची विश्रांती आणि डिझेलसाठीचा थांबा वजा जाता ताशी पंचावन्न मैलांच्या सरासरीने तो सुमारे साडेपाचशे मैल काटील. पण गोदामातला माणूस म्हणाला, ‘तुमचा माल अजून तयार नाही, बाजूला थांबा,’ आणि निघायला दुपारचा एक वाजला, तर? चौदा तासांचे घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही. आठ वाजता त्याचा दिवस संपणारच. हातात सात तास. जास्तीत जास्त पावणेचारशे-चारशे मैल. मैलाला ५० सेंट धरले, तर सत्तर-ऐंशी डॉलर बुडाले. चार तास तो कामावर होता, गाडीशेजारून हलू शकत नव्हता, पण त्या तासांना भाव नव्हता. शिवाय उद्याची माल उतरविण्याची ठरलेली वेळ हुकली, की उद्याचाही माल गेला. २०२० साली नियमांत दुरुस्ती होऊन विश्रांतीचे दोन तुकडे करण्याची मुभा थोडी वाढली आहे आणि त्याने ही गाठ काहीशी सैल झाली आहे; पण त्या मुभेच्याही अटी आहेत.

कोणी विचारील, की कंपनी गोदामवाल्याकडून खोळंब्याचे पैसे का घेत नाही? घेते. पण पहिले दोन तास फुकट देण्याची धंद्याची रीत आहे, पुढचे पैसे वसूल होतातच असे नाही, आणि वसूल झाले तरी ड्रायव्हरच्या हाती त्यातला काही अंशच पडतो. मोठा गिऱ्हाईक दुखवायचा कोणी? यात कोणी दुष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. गोदामवाल्याला चार नोकर कमी लागतात, कंपनीला गिऱ्हाईक टिकवायचे असते. ड्रायव्हरचा वेळ दोघांनाही जवळजवळ फुकट पडतो, आणि जी वस्तू फुकट पडते ती जपून वापरण्याचे दोघांनाही कारण उरत नाही.

हे केवळ ड्रायव्हरच्या खिशापुरते असते, तर त्यांचे ते पाहून घेतील असे म्हणता आले असते. परंतु २०१८ साली अमेरिकी परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी या खोळंब्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे खोळंब्यामुळे अशा ड्रायव्हरांचे वर्षाला ११० ते १३० कोटी डॉलरचे उत्पन्न बुडते. आणि दुसरा अंदाज अधिक विचार करायला लावणारा आहे: गोदामापाशी थांबण्याची सरासरी वेळ पंधरा मिनिटांनी वाढली, तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण सुमारे सहा टक्क्यांनी वाढते. गोदामात गेलेला वेळ माणूस रस्त्यावर भरून काढू पाहतो. त्या रस्त्यावर तुमच्या-आमच्यासारखे लोकही असतात.

श्रोतेहो, हे असे का झाले, याला थोडा इतिहास आहे. १९३५ पासून अमेरिकेत मालमोटारींचे मार्ग आणि दर सरकारी आयोगाच्या नियंत्रणाखाली होते. १९३८ च्या कायद्याने इतर कामगारांना आठवड्याच्या ठरावीक तासांवर दीडपट वेतन मिळाले. परराज्यांत जाणाऱ्या ड्रायव्हरांना मात्र त्यातून वगळले गेले. त्यांच्या तासांची काळजी दुसरे खाते घेत आहे, असे कारण होते. तरीही टीमस्टर्स या त्यांच्या संघटनेने १९६४ साली जेम्स हॉफा यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी करार घडवून आणला आणि मालमोटारीचा ड्रायव्हर सुस्थितीतला कामगार गणला जाऊ लागला. पुढे १९८० साली, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकीर्दीत, नियंत्रण बहुतांशी उठले. नव्या कंपन्या निघाल्या, दर उतरले, मालवाहतूक स्वस्त झाली. गिऱ्हाइकाचे त्यात भले झाले, हे मान्य केले पाहिजे. पण पूर्ण गाडीच्या धंद्यातून संघटना जवळजवळ नाहीशी झाली. मायकेल बेल्झर या अर्थशास्त्रज्ञाने २००० साली या स्थितीवर पुस्तक लिहिले. ते स्वतः पूर्वी ट्रक चालवीत असत.

बड्या कंपनीची दुसरी खूण म्हणजे तिची नजर. १९८८ साली श्नायडर कंपनीने उपग्रहाद्वारे गाड्यांशी संदेशवहन सुरू केले. तोवर ड्रायव्हर दिवसातून एकदा-दोनदा टेलिफोन करी, मधल्या वेळेत तो आपल्या मर्जीचा धनी असे. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक गाड्यांत कामाचे तास आपोआप नोंदणारे यंत्र कायद्यानेच सक्तीचे झाले. पूर्वीच्या कागदी वहीत तास हवे तसे भरता येत, हे सर्वांना ठाऊक होते. आता गाडीचा वेग कंपनीने यंत्रातच बांधून दिलेला असतो, डिझेल कोणत्या पंपावर घ्यायचे हे पडद्यावर येते, जोराने ब्रेक लावला तर त्याची वर्दी कचेरीत जाते, आणि पुष्कळ कंपन्यांत ड्रायव्हरच्या तोंडाकडे वळविलेला कॅमेराही असतो. या यंत्रांनी खोटे हिशेब थांबविले, हे चांगलेच झाले. पण गोदामात गेलेले तास आता पैशापैशाने मोजले जात असूनही त्यांची किंमत मात्र कोणी ठरविली नाही.

आपल्या ट्रकवर ड्रायव्हरबरोबर क्लीनर असतो. पोरसवदा असतो, शिव्या खातो, पण गाडी मागे घेताना ‘आन दे, आन दे’ म्हणून हाक देणारा कोणी तरी असतो. ढाब्यावर समोर बसून जेवणारा असतो. अमेरिकेतला ड्रायव्हर बहुधा एकटा. अनोळखी आवारात ५३ फुटांचा डबा अरुंद फलाटाला लावायचा, तोही एकट्याने, आरशात पाहून. संध्याकाळी तास संपत आले की गाडी कोठे उभी करायची, ही त्याची रोजची चिंता. थांब्यांवरच्या जागा दिवस मावळायच्या आत भरून जातात. मार्च २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यात एक ड्रायव्हर माल उतरविण्याच्या वेळेआधी पोहोचला, आणि दुसरी जागा नसल्याने बंद पडलेल्या एका पेट्रोल पंपावर थांबला. तेथे लुटारूने त्याचा खून केला. त्याच्या पत्नीने पुढे जी खटपट केली तिच्यामुळे २०१२ साली सुरक्षित थांब्यांसंबंधीचा कायदा झाला. तो त्याच्या नावाने, ‘जेसनचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. जागांची टंचाई अजूनही आहे.

असे असता माणसे या नोकरीत येतात कशी? कंपनीच त्यांना आणते. अनेक बड्या कंपन्या काही आठवड्यांचे शिक्षण स्वतःच्या खर्चाने देतात, परवाना मिळवून देतात, आणि मग जुन्या ड्रायव्हरबरोबर त्याच गाडीत काही आठवडे फिरवितात. मोबदल्यात साधारण वर्षभर नोकरी सोडायची नाही. सोडली तर शिक्षणाचा खर्च डोक्यावर. गाठीशी पैसा नसलेल्या माणसाला दुसरे कोण इतक्या लवकर रोजगाराला लावील? गाड्याही नव्या आणि निगा राखलेल्या असतात, हे लहान मालकांकडे नेहमी आढळत नाही. वर्षभराने काही कंपन्या आणखी एक आमिष दाखवितात: गाडी हप्त्याने घ्या आणि स्वतःचे मालक व्हा. हप्ता, डिझेल, विमा सारे ड्रायव्हरच्या माथी, माल मात्र कंपनी देईल तोच. एखाद्या आठवड्यात कापून जाता हाती काहीच उरत नाही. समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह व्हिसेली यांनी स्वतः अशा एका कंपनीत गाडी चालवून २०१६ साली यावर लिहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर सरकारनेच नेमलेल्या समितीने हे करार बंद करावेत, अशी शिफारस केली.

माणसे येतात तशी जातातही. लांब पल्ल्याच्या बड्या कंपन्यांत २०१० नंतरच्या दशकात नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण बराच काळ शेकडा नव्वदच्या आसपास राहिले. म्हणजे शंभर जागांसाठी वर्षाला सुमारे नव्वद नवी माणसे. सगळेच जातात असे नव्हे. काही जण वीस वर्षे टिकतात आणि एकाच जागी तीन-तीन माणसे बदलतात. तरीही कंपन्यांची तक्रार ही, की देशात ड्रायव्हरांचा तुटवडा आहे. गळक्या हंड्यात पाणी ठरत नाही, म्हणून विहीर आटली असे म्हणावे, तसे हे मला वाटते.

हंडा सांधता येतो, याचा दाखला याच धंद्यात आहे. १९९७ साली जे. बी. हंट या बड्या कंपनीने ड्रायव्हरांचा दर सरासरी एकतृतीयांशाने, किंबहुना थोडा अधिकच वाढविला, आणि अननुभवी माणसे भरण्याऐवजी जुने ड्रायव्हर घेतले. नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने उतरले, आणि अपघातही घटले. बेल्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुढे अभ्यास केला. परंतु ही वाढही मैलामागेच होती. थांबलेल्या तासाला भाव मिळावा, म्हणून १९३८ सालची ती वगळणूक काढून टाकण्याची विधेयके २०२२ आणि २०२३ साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मांडली गेली. दोन्ही वेळा ती मतदानापर्यंत न पोहोचताच मागे पडली.