दिसते, तरीही तपासा



'नजर' हा शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि मराठीतही वाचता. दोन्ही भाषांत त्याचा अर्थ एकच आहे. या नजरेविषयी आज मी तुम्हांला थोडी माहिती सांगणार आहे. सुरुवात माझ्या घरातील एका गोष्टीने करतो.

माझे मामू शिंपीकाम करत. मोहल्ल्यात त्यांचे छोटेसे दुकान होते. ईदच्या आधी महिनाभर तेथील शिवणयंत्राचा आवाज रात्री उशिरापर्यंत थांबत नसे. मामू दिव्याखाली बसून पहिल्याच प्रयत्नात सुईत दोरा ओवत. "माझी नजर हीच माझी रोजी आहे," असे ते नेहमी म्हणत.

मामूंना मधुमेह होता. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ते नियमित घेत. एकदा एका ओळखीच्या माणसाने त्यांना भुकटीच्या पुड्या आणून दिल्या. "ही भुकटी घ्या. साखर मुळापासून जाईल. गोळ्या मात्र बंद करा, त्यांनी मूत्रपिंडे खराब होतात," असे त्याने सांगितले. सांगणारा माणूस वाईट नव्हता. मामूंच्या काळजीपोटीच तो आला होता. मामूंनी त्याचे ऐकले आणि गोळ्या बंद केल्या. साखर तपासणेही थांबले.

वर्षभराने मामूंच्या उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले. कपड्यावरचे दोरे समजून ते हाताने झटकत. पण धागे काही जात नसत. त्यांनी चष्म्याच्या दुकानातून नवा चष्मा आणला. त्याचाही उपयोग झाला नाही. मग एका सकाळी त्या डोळ्यापुढे जणू काळा पडदाच आला. तेव्हा मी त्यांना घेऊन रुग्णालयात गेलो.

तेथे डॉक्टरबाईंनी आधी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. उजव्या डोळ्याने काहीच दिसले नाही. डाव्या डोळ्याने मात्र मामूंनी शेवटची ओळही वाचली. "अल्लाहचे शुक्र आहे, एक डोळा तरी ठीक आहे," ते म्हणाले. नंतर बाईंनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि अर्ध्या तासाने डोळे आतून तपासले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चाचा, उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला आहे. तोच आजार डाव्या डोळ्यातही आहे. फक्त तो अजून तुम्हांला जाणवलेला नाही."

शेवटची ओळ वाचणारा डोळा आजारी कसा असेल? मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर आता समजून घेऊ या.

आपण खातो त्या अन्नापासून शरीरात साखर तयार होते. रक्तातील ही साखर पेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन नावाचा स्राव करतो. तो कमी पडला किंवा त्याचा नीट उपयोग होईनासा झाला, तर साखर रक्तातच साठून राहते. यालाच मधुमेह म्हणतात. वाढलेली साखर वर्षानुवर्षे राहिली, तर बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते. मूत्रपिंड आणि डोळा या अवयवांत अशा बारीक रक्तवाहिन्या फार असतात. म्हणून त्यांना धोका अधिक असतो.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. आपण जे पाहतो, त्याची प्रतिमा या पडद्यावर उमटते. मधुमेहात या पडद्यातील रक्तवाहिन्या कमजोर होतात. त्यांना जागोजागी सूक्ष्म फुगे येतात. त्यांतून रक्तातील द्रव पाझरतो. काही वाहिन्या बंद पडतात आणि पडद्याच्या त्या भागाला रक्त मिळत नाही. मग तेथे नव्या वाहिन्या वाढू लागतात. पण त्या फार नाजूक असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त पसरते आणि समोर अंधार होतो.

हे सर्व चालू असताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, त्यातून पाणीही येत नाही. भिंतीच्या आतला नळ गळू लागला, तर आपल्याला लगेच कळते का? रंगाचे पोपडे निघाले की कळते. तोपर्यंत भिंत आतून ओली झालेली असते. डोळ्याचेही तसेच आहे. वाचण्यासाठी आपण पडद्याचा मधला लहानसा भाग वापरतो. तो भाग चांगला असेल, तर तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते, मग बाजूच्या भागात आजार असला तरी! मामूंच्या डाव्या डोळ्याची स्थिती अशीच होती. स्पष्ट दिसते म्हणजे डोळा निरोगी आहे, असे मधुमेह असलेल्या माणसाने कधीच समजू नये.

मग हा आजार ओळखायचा कसा? डोळ्याच्या आत पाहूनच तो ओळखता येतो. माणसाला ही विद्या सहज मिळालेली नाही. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम या विद्वानाने 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे त्या काळी अनेक जण मानत. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे त्याने दाखवून दिले. पुढे १८५१ साली जर्मनीतील हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा पाहता येईल, असे उपकरण जगापुढे मांडले. आजचे डॉक्टर त्याहून सुधारलेली उपकरणे वापरतात. पडद्याचे छायाचित्रही काढता येते.

बाहुली लहान असेल, तर दाराच्या फटीतून खोली पाहिल्यासारखे होते. सगळे कोपरे दिसत नाहीत. म्हणून डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात. त्यासाठी साधारण अर्धा तास लागतो. नंतर काही तास जवळचे अंधुक दिसते आणि उजेड डोळ्यांना सहन होत नाही. त्यामुळे त्या दिवशी रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. सोबत कोणीतरी असावे. मित्रांनो, हे काम तुम्ही नक्की करू शकता!

येथे एक फरक लक्षात ठेवा. चष्म्याच्या दुकानात डोळ्याचा नंबर काढतात. नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. शिवाय रक्तातील साखर फार वाढली किंवा एकदम कमी झाली, तर डोळ्यातील भिंग फुगते किंवा आकसते आणि नंबर तात्पुरता बदलतो. म्हणून मधुमेह असलेल्या माणसाची नजर अंधुक झाली, तर नवा चष्मा करण्याआधी त्याने डॉक्टरांना भेटावे.

पडदा केव्हा तपासावा? प्रौढ वयात जो मधुमेह सामान्यतः आढळतो, तो असल्याचे समजताच पहिली तपासणी करावी. कारण तो समजण्यापूर्वीच काही वर्षे शरीरात असू शकतो. लहानपणी ज्यांना इन्सुलिनची गरज पडते, त्यांनी आजार सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करावी. नंतर सर्वांनी साधारणपणे वर्षातून एकदा ती करावी. आजार दिसला, तर डॉक्टर सांगतील तेव्हा लवकर यावे. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डोळे दाखवावेत. डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके किंवा धागे आले, वीज चमकल्यासारखे दिसले किंवा पडदा आल्यासारखे वाटले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वेळेवर आजार कळला, तर त्यावर उपचार आहेत. लेझर किरणांनी नाजूक वाहिन्यांची वाढ रोखता येते. गंभीर अवस्थेत पोहोचलेल्या डोळ्यांत या उपचाराने दृष्टी जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातून १९७६ साली सिद्ध झाले. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल, तर डोळ्यात औषधाची इंजेक्शने देतात. साचलेले रक्त काढण्यासाठी शस्त्रक्रियाही करतात. मात्र उरलेली नजर वाचवणे सोपे असते, गेलेली परत आणणे कठीण असते.

त्याहून चांगले म्हणजे आजार होऊच न देणे. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातील १४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सर्व रुग्ण इन्सुलिनवर अवलंबून होते. ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते आणि ज्यांनी साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली, त्यांच्यात पडद्याचा आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. साखरेबरोबर रक्तदाबही ताब्यात ठेवावा आणि तंबाखूपासून दूर राहावे.

आपल्या देशात या माहितीची फार गरज आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नास वर्षांवरील मधुमेही लोकांपैकी सुमारे १७ टक्के लोकांच्या दृष्टिपटलाला हा आजार आढळला. आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे नऊ जणांनी डोळ्याचा पडदा कधी तपासूनच घेतला नव्हता!

आता सल्ल्याविषयी. आजारी माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. शेजारी सांगतात, प्रवासात सांगतात, आता मोबाइलवरही संदेश येतात. त्यांतील विश्वासाचा सल्ला कोणता, हे कसे ओळखाल? तीन प्रश्न विचारा. पहिला, सांगणाऱ्याने या विषयाचे शिक्षण घेतले आहे का? डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो, तो पाहा. दुसरा, सल्ला देण्याआधी त्याने रुग्णाला तपासले का? रक्ताचा अहवाल पाहिला का? तिसरा, तो 'कायमचे बरे करतो' अशी हमी देऊन चालू औषध बंद करायला सांगतो का? तसे असेल, तर तेथून उठून यावे. दुसरे कोणतेही औषध घ्यायचे असेल, तर ते आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे.

'इन्सुलिन घेतले की माणूस संपला,' असेही काही जण म्हणतात. खरे काय आहे? १९२१ साली कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधून काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला देण्यात आले. मरणाच्या दारातला तो तुमच्याच वयाचा मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

रमजानचाही विचार करावा. मधुमेह असलेल्या माणसाने रोजे ठेवण्यापूर्वी एक-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. औषधाच्या वेळा आणि प्रमाण आपल्या मनाने बदलू नये. आजारी माणसाला धर्माने सवलत दिली आहे, हेही वडीलधाऱ्यांना अदबीने सांगावे.

पैशांची अडचण असेल, तर सरकारी रुग्णालयात जावे. आपल्या देशात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग असतो. 'मधुमेह आहे, डोळ्याचा मागचा पडदा तपासायचा आहे,' असे तेथे स्पष्ट सांगावे.

मामूंच्या डाव्या डोळ्यावर लेझर उपचार झाले. तो डोळा वाचला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पण त्याने आता फक्त हात हलल्याचे दिसते. मामू अजून दुकानात बसतात. सुईत दोरा ओवायला त्यांना दोन-तीन वेळा प्रयत्न करावा लागतो. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला मधुमेह आहे असे कळले, की ते टेप बाजूला ठेवतात आणि विचारतात, "डोळ्यांत थेंब घालून पडदा कधी तपासला होता?"

आज घरी गेल्यावर तुम्हीही हा प्रश्न विचारा. दादी, नाना, अब्बा, खाला, ज्यांना मधुमेह असेल त्यांना विचारा. 'मला तर चांगले दिसते,' असे त्या म्हणाल्या किंवा ते म्हणाले, तर मामूंच्या डाव्या डोळ्याची गोष्ट त्यांना सांगा. आणि तपासणीच्या दिवशी त्यांचा हात धरून सोबत जा.

शब्दार्थ
रोजी : उदरनिर्वाहाचे साधन
भुकटी : चूर्ण
रक्तस्राव : रक्त वाहणे
पाझरणे : हळूहळू झिरपणे
दृष्टिपटल : डोळ्याच्या आतील मागचा पडदा
आकसणे : आखडून लहान होणे
वडीलधारे : घरातील मोठी माणसे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामू आपल्या नजरेविषयी काय म्हणत?
(आ) डॉक्टर डोळ्यांत थेंब का घालतात?
(इ) इन्सुलिन प्रथम कोणाला देण्यात आले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मामूंना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली, तरी त्यांचा डावा डोळा आजारी कसा होता?
(आ) विश्वासाचा सल्ला ओळखण्यासाठी कोणते तीन प्रश्न विचारावेत?

३. 'नजर' हा शब्द उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आहे. या पाठातील असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

४. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या मधुमेह असलेल्या व्यक्तीला तिच्या मागील नेत्रतपासणीची तारीख विचारा आणि पुढील तपासणीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.