विश्लेषण : धार नसलेला हॅल्बर्डही जीवघेणा का? मध्ययुगीन शस्त्रांचा सुरक्षित सराव कसा केला जातो?

व्हॅटिकनमध्ये पोपच्या रक्षणासाठी उभे असलेले रंगीत पट्ट्यांच्या गणवेशातील स्विस रक्षक आणि त्यांच्या हातातील लांब शस्त्र अनेकांनी छायाचित्रांत पाहिले असेल. पुढे भाल्याचे टोक, एका बाजूला कुऱ्हाडीचे पाते आणि मागे आकडा. हे शस्त्र म्हणजे हॅल्बर्ड. १५०६ मध्ये स्थापन झालेल्या या दलात ते आज मुख्यतः मानाचे चिन्ह आहे. मात्र युरोप आणि अमेरिकेतील हौशी अभ्यासक जुन्या ग्रंथांवरून अशी शस्त्रे चालवायला पुन्हा शिकत आहेत. सरावाच्या तलवारीचा प्रश्न त्यांनी बऱ्याच अंशी सोडवला. लांब दांड्याच्या शस्त्रांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

हेमा म्हणजे काय?

हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स, म्हणजे ऐतिहासिक युरोपीय युद्धकला. तिचे संक्षिप्त नाव ‘हेमा’. मध्ययुगातील आणि त्यानंतरच्या शस्त्रगुरूंच्या हस्तलिखितांतील आणि छापील ग्रंथांतील वर्णने व चित्रे पाहून डावपेच पुन्हा उभे करायचे आणि प्रत्यक्ष लढतीत तपासायचे, ही या चळवळीची पद्धत. १९९० च्या दशकापासून तिने जोर धरला.

या ग्रंथांत लांब दांड्याच्या शस्त्रांना मोठी जागा आहे. इटलीचे फिओरे देई लिबेरी यांनी १५ व्या शतकाच्या सुरुवातीला भाला आणि पोलॅक्सचे डाव दाखवले. पोलॅक्स म्हणजे चिलखतधारी योद्ध्यांची लांब दांड्याची कुऱ्हाड. याच शतकातील ‘ल ज्य द ला आश’ हा फ्रेंच ग्रंथ केवळ पोलॅक्सवर आहे. योआखिम मायर यांच्या १५७० च्या जर्मन ग्रंथात काठी, हॅल्बर्ड आणि पाइक हा अतिलांब भाला, असे तिन्ही प्रकार आहेत.

तलवारीपेक्षा यात धोका जास्त का?

उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. शस्त्र एकाच कोनीय वेगाने फिरवले, तर हातापासून एक मीटरवरच्या टोकाचा वेग अर्ध्या मीटरवरच्या टोकाच्या दुप्पट असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वजन तेवढेच असले तरी आघाताची ऊर्जा चौपट होते.

दुसरा मुद्दा वजन कुठे आहे याचा. तलवारीचे बरेचसे वजन मुठीजवळ असते, हॅल्बर्डचे किंवा पोलॅक्सचे दांड्याच्या टोकाला. असे शस्त्र फिरवायला जड आणि एकदा फिरले की थांबवायला त्याहून जड. सरावाच्या तलवारबाजीतील निम्मी सुरक्षा ‘ऐनवेळी हात आवरणे’ यावर उभी असते. इथे तो भरवसा कमी होतो. त्यात दोन्ही हात एकमेकांपासून दूर असल्याने तरफेचा फायदा मिळतो आणि घाव आणखी जोरकस बसतो.

तिसरा मुद्दा भोसकण्याचा. सरावाच्या तलवारीचे पाते पातळ असते. समोरच्याच्या छातीला टोक लागले की ते कमानीसारखे वाकते आणि जोर शोषून घेते. जाड लाकडी दांडा वाकत नाही. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे २५ मिलिमीटरऐवजी ३२ मिलिमीटर जाडीचा दांडा घेतला तर तो सुमारे २.७ पट ताठ होतो. धावत येणाऱ्या माणसाचा सगळा जोर मग त्या एका टोकातून समोरच्याच्या अंगावर जातो.

धार काढून टाकली तर पुरत नाही का?

नाही. या शस्त्रांपैकी बरीच चिलखत घातलेल्या माणसाला जायबंदी करण्यासाठीच घडवली गेली. पोलॅक्सच्या डोक्याला अनेकदा कुऱ्हाडीसोबत हातोडाही असतो. हातोड्याला धार लागत नाही.

शिवाय शस्त्र मोडल्यावर काय होते, हा प्रश्न उरतोच. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याचा मृत्यू याच कारणाने झाला. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये शांतता करार आणि राजघराण्यातील विवाहांच्या उत्सवात तो घोड्यावरून भाल्यांचा सामना खेळत होता. प्रतिस्पर्धी माँटगोमेरीचा लाकडी भाला मोडला आणि त्याची ढलपी शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्याजवळ घुसली. आंब्र्वाझ पारे आणि व्हेसालियस यांच्यासारखे त्या काळचे नामांकित वैद्य असूनही १० जुलैला राजा दगावला.

आधुनिक उदाहरण १९८२ चे. रोममधील जागतिक तलवारबाजी स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिर्नोव्ह यांच्या प्रतिस्पर्ध्याचे पाते तुटले आणि तुटलेले टोक मुखवट्याची जाळी भेदून आत गेले. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर या खेळातील मुखवटे, पोशाख आणि पात्यांच्या पोलादाचे निकष कडक झाले. ४२३ वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन्ही घटना एकच सांगतात. शस्त्र कसे लागते याइतकेच ते कसे तुटते, हेही महत्त्वाचे.

सरावाची शस्त्रे कशाची बनवतात?

दांड्यासाठी युरोपात ॲश आणि अमेरिकेत हिकरी ही लाकडे पसंत केली जातात. सरळ रेषा असलेले लाकूड घ्यायचे. रेषा तिरकी जात असेल तर दांडा तिथूनच तिरका चिरतो आणि भाल्यासारखे टोक तयार होते. दुसरा पर्याय वेताचा. बांबू पोकळ असतो आणि फुटला की त्याच्या धारदार चिपा निघतात. वेत भरीव असतो आणि मोडण्याआधी पिंजल्यासारखा सुटत जातो. कॅलिफोर्नियात १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम’च्या चिलखती लढती वेताच्या शस्त्रांनीच होतात.

पोलॅक्स किंवा हॅल्बर्डच्या डोक्यासाठी लवचीक रबर किंवा प्लास्टिकसारखे कृत्रिम पदार्थ वापरतात. आकडा, हातोडा, पाते असे सगळे आकार त्यात येतात, त्यामुळे अडकवण्या-ओढण्याचे डाव करता येतात. भाल्याला रुंद रबरी टोपण लावतात. ते मुखवट्याच्या जाळीत अडकू नये आणि मुखवटा व गळपट्टा यांच्या फटीत शिरू नये, इतके मोठे हवे. याशिवाय फोमने मढवलेली हलकी शस्त्रे असतात.

मग अडचण कुठे आहे?

शस्त्र जितके सुरक्षित, तितके ते खऱ्यापासून दूर जाते. फोमचे डोके इतके हलके असते की खऱ्या हॅल्बर्डने कधीच जमणार नाहीत अशा झटपट हालचाली त्याने जमतात. शिकणाऱ्याला वाटते, डाव साधला. प्रत्यक्षात त्याने वेगळ्याच शस्त्राचा डाव शिकलेला असतो. रबराचे डोके आदळल्यावर उसळते किंवा वाकते, त्यामुळे दोन शस्त्रे एकमेकांना भिडल्यावरचा दाब खरा राहत नाही. बारीक दांडा घेतला तर तो भोसकताना वाकतो, पण वार अडवतानाही वाकतो.

थोडक्यात, खरे वजन, खरा ताठपणा आणि पूर्ण जोराची मोकळी लढत या तिन्ही गोष्टी एकाच शस्त्रात मिळत नाहीत. म्हणून जाणते प्रशिक्षक एकाच ‘आदर्श’ प्रतिकृतीच्या मागे न लागता सराव वाटून घेतात. खऱ्या वजनाचे बोथट पोलादी शस्त्र एकट्याच्या सरावाला. लाकडी दांडा आणि रबरी डोके जोडीने, ठरलेल्या डावांना आणि संथ गतीला. हलके, मऊ शस्त्र मोकळ्या लढतीला. मोकळ्या लढतीत त्यातल्या त्यात भाला सोपा पडतो, कारण त्याला जड डोके नसते.

‘बुहुर्त’ या चिलखती लढतींच्या खेळाने उलटा मार्ग धरला आहे. तिथे शस्त्र बोथट पण पोलादी असते आणि माणूस नखशिखांत पोलादात असतो. तरीही भोसकण्यावर बंदी आहे.

मुखवटा आणि जॅकेट वाचवत नाहीत का?

इथे एक गैरसमज हमखास होतो. तलवारबाजीच्या साहित्यावर ३५०, ८०० किंवा १६०० न्यूटन असे आकडे असतात. हे आकडे भोक पडण्याला होणारा विरोध दाखवतात. ८०० न्यूटनचे जॅकेट म्हणजे तेवढ्या जोराचा फटका अंगाला न लागू देणारे जॅकेट नव्हे. तुटलेले पाते आरपार जाऊ नये, एवढीच त्याची हमी.

मुखवट्याचेही तसेच. तो हलक्या, भोसकण्याच्या पात्यांसाठी विकसित झाला. वरून आलेला जड दांडा त्याची जाळी फोडणार नाही कदाचित, पण डोके जोरात हलले की मेंदूला इजा होऊ शकते. त्यासाठी वरून जाड अस्तराचे आवरण, मानेला आधार आणि मुख्य म्हणजे डोक्यावरच्या जोरदार घावांना मनाई, असे उपाय करावे लागतात. बोटांचा धोका वेगळाच. तलवारीला हात वाचवणारी आडवी मूठ असते. दांड्यावर पकडलेल्या हातापुढे बहुतेक वेळा काहीच नसते. समोरच्याचा दांडा घसरत थेट बोटांवर येतो.

आपल्याकडे याचा संबंध काय?

सरावासाठी शस्त्र बोथट करण्याची युक्ती जगभर सापडते. युरोपात मैत्रीच्या सामन्यांत भाल्याला टोकाऐवजी मुकुटासारखे अनेक दातांचे बोंड लावत, म्हणजे जोर एका बिंदूवर येत नसे. मराठी मुलखात घोडेस्वारांच्या भाल्याच्या सरावाला ‘बोथाटी’ होती, म्हणजे टोकाला कापडाने मढवलेला गोळा बसवलेला भाला. नावातच तिचा बोथटपणा आहे. मर्दानी खेळांतला फरी-गदका हाही ढाल-तलवारीचा असाच सरावाचा अवतार.

आज देहरादूनमध्ये बनलेली मध्ययुगीन शस्त्रांची नक्कल जगभर विकली जाते. मात्र ऑनलाइन दिसणारी प्रत्येक ‘प्रतिकृती’ सरावाची नसते. भिंतीवर शोभणाऱ्या वस्तूचे डोके दांड्याला किती पक्के बसवले आहे, याची खात्री नसते. फिरवताना ते निसटले तर काय होईल, हे सांगायला नको.

कायदाही लक्षात घ्यावा लागतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांच्या यादीत भाले आणि परशू आहेत आणि सरकारने अधिसूचित केलेल्या भागांत त्यांना परवाना लागतो. महाराष्ट्रात पोलिसांचा मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी साधी लाठी नेण्यावरही बंदी येऊ शकते.

सरावाआधी काय तपासावे?

दांड्यावरून कापड फिरवा, धागा अडकला तर तिथे चीर आहे. डोके हलते का, रबरी टोपण घट्ट आहे का, ते फाटून आतले लाकूड दिसते का, हे प्रत्येक वेळी पाहा. चिरलेला दांडा चिकटपट्टी लावून वापरू नका, बाद करा. नव्या जोडीदारासोबत वेग निम्मा ठेवा. आणि समोरच्याने हात वर करून ‘थांब’ म्हटल्यावर आपले शस्त्र खरेच थांबते का, हे आधी एकट्याने करून बघा. ते थांबत नसेल, तर त्या वजनाचे शस्त्र घेऊन समोर उभे राहायची वेळ अजून आलेली नाही.