प्रसूतीचा चिमटा : एका लपविलेल्या यंत्राची हकीकत

जुन्या वाड्यांतील फडताळें व माळे धुंडाळणें हा आमच्या वाचकांचा नित्याचा व्यासंग होय. तशाच एका शोधाची ही हकीकत आहे. इ. स. १८१३ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत, वुडहॅम मॉर्टिमर हॉल या वाड्याच्या फळ्यांच्या जमिनीखालीं कांहीं पत्रें व लोखंडी चिमटे सांपडले. हा वाडा पूर्वीं डॉ. पीटर चेंबरलेन (मृत्यु १६८३) याचा होता. अडलेलें मूल जिवंत बाहेर काढण्याचें हें साधन त्या घराण्यानें शंभरांहून अधिक वर्षें गुप्त राखिलें होतें.

आमच्याकडे हा चिमटा सुश्रुतास ठाऊक होता असें कोणी अभिमानानें म्हणतात. मूळ ग्रंथ पाहतां तसें दिसत नाहीं. चिकित्सास्थानाच्या १५ व्या अध्यायांत मूढगर्भ हातानें वळवून काढण्याचा विधि आहे. मंडलाग्र व अंगुलिशस्त्र यांचा उपयोग सांगितला आहे तो गर्भ मृत असतांच. जिवंत गर्भावर शस्त्र चालविण्याचा स्पष्ट निषेध आहे. वृद्धिपत्राचें टोंक तीक्ष्ण असल्यामुळें स्त्रीस इजा होईल, हेंही तेथें बजाविलें आहे. या अध्यायाचें खरें मोल आम्हांस यांतच वाटतें कीं, उपायाच्या शेजारींच त्याचा अपाय नोंदलेला आहे.

चेंबरलेनांनीं नेमकें हेंच केलें नाहीं. १६७० मध्यें ह्यू चेंबरलेन आपली विद्या विकण्यास पॅरिसला गेला. तेथील प्रसिद्ध प्रसूतिवैद्य मॉरिसो यानें कटिरास्थि विकृत असलेली एक ३८ वर्षांची ठेंगणी स्त्री परीक्षेसाठीं त्याच्या स्वाधीन केली. तीन तास खटपट करूनही मूल निघालें नाहीं. दुसरे दिवशीं ती बाई मरण पावली, आणि यंत्रानें गर्भाशय फाटल्याचें आढळलें. ही हकीकत आज आपणांस ठाऊक आहे ती मॉरिसोनें लिहून ठेविली म्हणून.

१७३३ च्या सुमारास हें यंत्र छापील ग्रंथांतून प्रकट झालें आणि दोषांची चर्चा सुरू झाली. स्मेली यानें १७५२ च्या आपल्या ग्रंथांत चिमटा केव्हां व कसा लावावा याचे नियम घालून दिले. चिमट्याचीं पातीं वेडींवांकडीं बसलीं तर चेहऱ्याचा मज्जातंतु दाबला जाऊन रडतांना मुलाचें तोंड एका बाजूस ओढलें जातें. हा दोष बहुधा कांहीं आठवड्यांत नाहींसा होतो. परंतु क्वचित् कवटीस तडा जातो किंवा आंत रक्तस्राव होतो. मातेच्या गुदद्वाराचे स्नायूही फाटण्याचा संभव असतो. पुढें १९५४ च्या सुमारास स्वीडनच्या माल्मस्ट्रॉम यानें हवा शोषून डोक्यास चिकटणारी धातूची वाटी प्रचारांत आणिली. तिनें मातेस इजा कमी होते. मात्र टाळूच्या त्वचेखालीं रक्त सांचून अर्भक दगावूं शकतें. मागील चार वर्षांतील १२ मृत्यु व ९ गंभीर इजा नोंदवून अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें १९९८ मध्यें याविषयीं इशारा दिला.

म्हणून हीं यंत्रें टाकाऊ ठरत नाहींत. डोकें खालीं उतरलें असतां व मूल गुदमरत असतां तींच जीव वांचवितात. त्या वेळीं पोट चिरण्यांतही धोका असतोच. परंतु गर्भाशयाचें मुख पूर्ण उघडलेलें असावें, डोक्याची स्थिति निश्चित कळलेली असावी, दोन-तीन वेळां ओढूनही मूल पुढें न सरकल्यास थांबावें आणि एक यंत्र फसलें कीं लगेच दुसरें लावण्यापूर्वीं फार विचार करावा, हे नियम फसलेल्या प्रसंगांच्या नोंदींतूनच निघाले आहेत.

आमच्या वैद्यघराण्यांच्या बाडांतून सिद्ध योगांसमवेत क्वचित् न साधलेल्या उपचारांचीं टिपणेंही आढळतात. संग्राहकांनीं तीं निरुपयोगी म्हणून वगळूं नयेत. योगांइतक्याच काळजीनें त्यांची नक्कल करून छापावीं, अशी आमची विनंती आहे.