घेवड्याचा तांबेरा आणि पानातील पॉलिअमाइने

घेवड्याच्या पानाखाली तांबूस पुटकुळ्या दिसू लागल्या आणि बोट फिरविताच विटकरी भुकटी बोटास लागली, की तांबेरा आला हे शेतकरी ओळखतो. ही भुकटी म्हणजे बुरशीचे असंख्य बीजाणू होत. वाऱ्याबरोबर ते निरोगी पानावर पडतात, दवाच्या ओलीत रुजतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. त्यानंतर पानात पीक व बुरशी यांचा झगडा सुरू होतो. या झगड्यात पॉलिअमाइन नावाच्या द्रव्यांना फार महत्त्व आहे.

पॉलिअमाइने ही नत्रयुक्त द्रव्ये असून पुट्रेसिन, स्पर्मिडिन व स्पर्मिन ही त्यांतील प्रमुख होत. पेशींच्या वाढीस ती पिकाला लागतात, तशीच बुरशीलाही लागतात. पीक त्यांचा उपयोग संरक्षणासाठीही करते. पॉलिअमाइनांचे विघटन होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्यामुळे पेशींच्या भिंती बळकट होतात व रोग शिरलेल्या पेशी लवकर मरतात. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशींवरच जगत असल्याने तेथे तिची उपासमार होते.

एक वाट आणि दोन वाटा

बहुतेक वनस्पती पुट्रेसिन दोन मार्गांनी तयार करतात : एक ऑर्निथिनपासून व दुसरा आर्जिनिनपासून. बहुतेक बुरशींना मात्र ऑर्निथिनचाच मार्ग मोकळा असतो. तो बंद केल्यास बुरशीची वाढ खुंटेल, पण पीक दुसऱ्या मार्गाने आपली गरज भागवील, असा तर्क शास्त्रज्ञांनी केला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे आर्थर गॅल्स्टन, भारतीय शास्त्रज्ञ एम. व्ही. राजम व त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. हा मार्ग अडविणारे डायफ्लुरोमेथिलऑर्निथिन हे द्रव्य घेवड्याच्या रोपांवर फवारले असता तांबेऱ्यापासून त्यांचे संरक्षण झाले.

तथापि, हे द्रव्य शेतात फवारण्याचे औषध नव्हे. मनुष्याच्या आफ्रिकी निद्रारोगावर ते वापरले जाते. म्हणून पॉलिअमाइनाच्या नावाने कोणी तांबेऱ्यावरील हमखास उपाय विकू लागल्यास, अधिकृत शिफारस पाहिल्याशिवाय त्यावर पैसा खर्च करू नये.

शेतकऱ्यांनी काय करावे ?

१. रोगट पिकाचे अवशेष गोळा करून नष्ट करावेत. त्यांवर बीजाणू टिकून राहतात.

२. त्याच शेतात लागोपाठ घेवडा घेऊ नये. मिळाल्यास रोगप्रतिकारक वाण पेरावा.

३. पेरणी दाट करू नये. तुषार सिंचन असल्यास पाणी सकाळी द्यावे, म्हणजे पाने लवकर सुकतात.

४. पानांची खालची बाजू वरचेवर तपासावी. रोग दिसताच शिफारस केलेले बुरशीनाशक योग्य प्रमाणात फवारावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोगट पान प्रत्यक्ष हाती देऊन ही ओळख शेतकऱ्यांना करून द्यावी. पहिली पुटकुळी वेळीच दिसली, तर पुढील नुकसान पुष्कळ अंशी टळेल.